ग्राहका, चूक तुझीच!

मोबाइल घेऊन पस्तावलेला माणूस कंपनीला शिव्या देतो, दुकानदाराला देतो, ज्या भाच्याने तो सुचवला त्याला तर देतोच. स्वतःकडे मात्र बघत नाही. हे थांबलं पाहिजे. 2005 पासून सरकार ‘जागो ग्राहक जागो’ म्हणून कानीकपाळी ओरडतंय, आणि ग्राहक झोपलेला आहे असंही नाही. रात्री बारा वाजता सेल सुरू होतो तेव्हा तो टक्क जागा असतो.

जबाबदार ग्राहकाला आधी बेरीज विसरता यायला हवी. खोक्यावर ‘8+8 जीबी रॅम’ असं छापलेलं असतं. भोळा माणूस सोळा म्हणतो. त्यातले आठ खरे, उरलेले आठ फोनच्याच स्टोरेजमधून उसने घेतलेले, आणि स्टोरेजचा वेग रॅमच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय त्या स्टोरेजचे पैसेही त्यानेच मोजलेले. आपल्या डाव्या खिशातली नोट काढून उजव्या खिशात घालायची आणि ‘अभिनंदन, तुमचा पगार वाढला’ म्हणायचं, असा हा प्रकार. पण फसवणूक कुठे आहे? अधिकचं चिन्ह छापलंय ना?

तीच गोष्ट कॅमेऱ्यांची. पाठीमागे तीन-चार डोळे असतात. त्यातला एक 2 मेगापिक्सेलचा, मॅक्रो नावाचा. तो मुंगीचा फोटो जवळून काढण्यासाठी असतो. काढल्यावर ती मुंगी आहे की साबुदाणा हे ओळखणं ग्राहकाकडे. महागड्या फोनांत ही उणीव भरून काढलेली आहे. 2023 मध्ये एका हौशी माणसाने चंद्राचं चित्र मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि अंधारात दूर उभं राहून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. मुळात नसलेले खड्डे-विवरं फोटोत स्पष्ट उमटली! कंपनीने खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तपशील सुधारतो. चंद्राचा फोटो काढताना चंद्र लागतोच, हा ग्राहकाचा गैरसमज होता.

दुकानात सल्ला द्यायला माणसं असतात, हा आणखी एक गैरसमज. निळ्या टी-शर्टातलं पोरगं ‘काका, इकडे या’ म्हणतं, पिवळ्या टी-शर्टातलं दुसऱ्या बाजूला ओढतं. दोघांनाही कॅमेरा ‘एक नंबर’ आणि बॅटरी ‘दोन दिवस आरामात’ एवढं तोंडपाठ. या पोरांचा पगार अनेकदा दुकानदार देत नाही, कंपनी देते. हे विचारायचं कोणी? ग्राहकानेच.

काही जण म्हणतील, लोकांना लोभ नडतो. त्यांना फ्रीडम 251 आठवत असेल. फेब्रुवारी 2016, कंपनीचं नाव रिंगिंग बेल्स, फोनची किंमत 251 रुपये! दिल्लीत थाटात सोहळा झाला. पाहायला दिलेल्या नमुन्यांवर भलत्याच कंपनीचं नाव होतं आणि ते चक्क व्हाइटनरने झाकलेलं होतं. तरी बुकिंग सुरू होताच इतकी झुंबड उडाली की वेबसाइट कोसळली. अक्कल गहाण ठेवलेली माणसं, असं तेव्हा शहाणे म्हणाले. बरोबरच म्हणाले. मात्र तशीच आशा 251 ऐवजी 25,100 रुपयांना विकत घेतली की माणूस मूर्ख राहत नाही, टेक-सॅव्ही होतो.

आमचे मेहुणे असेच टेक-सॅव्ही. महिनाभर रिव्ह्यू बघून त्यांनी एका नामांकित कंपनीचा आयपी-68 दर्जाचा फोन घेतला. जाहिरातीत एक हिरो तो हातात घेऊन तरणतलावात सूर मारतो. मेहुण्यांनी सूर वगैरे मारला नाही. ठाण्याला स्टेशनपासून रिक्षाच्या रांगेपर्यंत जुलैच्या पावसात चालले, इतकंच. फोन गेला. सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने सिमचा ट्रे बाहेर काढला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, “सर, पट्टी लाल झालीये. लिक्विड डॅमेज. वॉरंटीत बसत नाही.”

“अहो, पण हा वॉटरप्रूफ आहे ना?”

“वॉटर रेझिस्टंट, सर. वॉटरप्रूफ नाही.”

मग त्याने समजावलं. चाचणी प्रयोगशाळेत होते, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात, साधारण दीड मीटर खोल, अर्धा तास. ठाण्याचा पाऊस स्वच्छ नाही, स्थिर तर मुळीच नाही. त्याने आधी प्रमाणपत्र घेऊन यायला हवं होतं. ऑस्ट्रेलियातले लोक मात्र अगदीच बेजबाबदार. फोन तलावात आणि समुद्रात दाखवणाऱ्या जाहिराती त्यांनी खऱ्या मानल्या आणि 2022 मध्ये तिथल्या कोर्टाने त्या जाहिरातींसाठी सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला 1 कोटी 40 लाख डॉलर दंड ठोठावला. ऑस्ट्रेलियन असले तरी डॉलरच.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाने काट्यावर नजर ठेवली तरी पुष्कळ काम व्हायचं. आता 2019 च्या कायद्याने त्याला सहा हक्क दिलेत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीला फी नाही, तक्रार करायला दोन वर्षांची मुदत, आणि वस्तूची तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत, लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, अशी अपेक्षा कायद्यात लिहिलेली आहे. अपेक्षा हा शब्द ग्राहकाने नीट वाचावा. प्रत्यक्ष निकाल हाती येतो तेव्हा त्या मॉडेलचं कव्हरसुद्धा बाजारात मिळत नाही.

मेहुण्यांनी ग्राहक आयोग-बियोग काढला नाही. मदरबोर्डचा आकडा ऐकून ते फोन तसाच परत मागायला लागले, तर पोरगं म्हणालं, “ओटीपी सांगा.”

“कुठे आलाय?”

“रजिस्टर्ड मोबाइलवर.”

रजिस्टर्ड मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. शेवटी सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं, ओटीपी आला, पाठोपाठ आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल, असा मेसेजही आला. पोरगं हळूच वाकून म्हणालं, “सर, प्लीज दहाच द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात.”

मेहुण्यांनी दहा दिले.