अंड्यांचा आळ माझ्यावर नको

अहो ताई, जरा इकडं या कुंपणाशी. तिथूनच मान हलवू नका, बोलायचंय मला.

काल नळावर तुम्ही म्हणालात म्हणे, "आमच्या कोंबड्या मेंदीखालून पलीकडं जातात आणि अंडी तिकडंच घालून येतात." तुमचा हंडा भरायच्या आत ते माझ्या कानावर आलं. आपली गल्लीच तशी! राग नाही हो आला. पण अंडीचोर म्हणून माझं नाव नको. मेंदीच्या बुडाशी हात घालून बघा, एखादं अंडं मिळेलही. मिळालं तर आधी पाण्यात टाका. तरंगलं तर फेकून द्या, ते जुनं. बाकीची अंडी कुणी नेली विचाराल, तर दिवसानं नेली.

असं बघा, कोंबडीला भरात अंडी घालायला 14 ते 16 तास उजेड लागतो. आत्ता आपल्याकडं उजाडतं सातला आणि सहाच्या आत दिवस मावळतो. दिवस जेमतेम 11 तासांचा. उजेड कमी पडला की अंडं बनवायचा हुकूमच तिच्या शरीराला मिळत नाही. त्यात तुमच्या तिघी पिसं गाळतायत. नवं पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिन. अंगावर पीस चढवायचं की पोटात अंडं धरायचं, या दोन्हीला एकदम कुठून पुरवायचं तिनं? गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, तीही आपल्या मर्जीनं. संक्रांत होऊन दिवस वाढू द्या, मग बघा.

हो, बल्ब लावून दिवस वाढवता येतो, पोल्ट्रीवाले तेच करतात. लावायचाच तर पहाटे लावा. रात्री एकदम बंद केलात तर खाली फिरणाऱ्या कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही, मग त्या गार जमिनीवरच रात्र काढतात. मी म्हणते, चार महिने पोटभर अंडी दिली, आता बसू द्या की बिचाऱ्यांना!

बरं, ते राहू द्या. पलीकडच्या भाऊंचं ऐकलंत का? निफाडचा पारा पाच-सहावर उतरल्याचं पेपरात वाचलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. द्राक्षबागेवरचा प्लास्टिकचा कागद उरला होता, तो त्यांनी खुराड्याला चारी बाजूंनी गुंडाळला. राहिलेल्या फटी गोणपाट कोंबून बुजवल्या. वर मला ऐकवतात, "काकू, मुंगीसुद्धा आत शिरणार नाही!" परवा सकाळी मी ताक द्यायला गेले, तेव्हा ते दार उघडत होते. उघडल्याबरोबर असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणीच आलं माझ्या. वरच्या कागदावरून टप टप थेंब गळतायत, खालचा भुसा चिकट झालाय आणि कोंबड्या शिंकतायत. आता गावभर सांगत सुटलेत, कोंबड्यांना थंडी बाधली म्हणून. थंडी कसली बाधतेय! ओल बाधली.

कोंबडीचं अंग मुळात 41 अंश गरम. पिसं फुगवली की मधे हवा अडकते, म्हणजे गोधडी तिच्या अंगावरच असते. आपल्या निफाडच्या थंडीला धडधाकट मोठी कोंबडी भीत नाही. पण तिच्या श्वासात पाणी, विष्ठेत तर तीन भाग पाणी. खुराडं हवाबंद केलं की ते पाणी जाणार कुठं? वर थेंब धरतात, खाली भुसा भिजतो, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि तो डोळ्यांना नि छातीला धरतो. ओली झालेली पिसं फुगत नाहीत, मग थंडीही लागते. वारा अडवायचा असतो ताई, हवा नाही. एवढं एक कळलं की हिवाळा निभावला.

माझं खुराडं बघा ना इथूनच. उत्तरेची बाजू बंद. बाकी बाजूंना कोंबडी दांडीवर बसली की तिच्या डोक्याच्याही वर येईल इतक्या उंचीपर्यंत गोणपाट. त्याच्या वर, छपराखाली, वीतभर मोकळी जागा. तिथं बारीक जाळी ठोकलीय, मुंगसाला नि बोक्याला वाट नको म्हणून. दिवस मावळला की गोणपाट सोडायचं, ऊन आलं की गुंडाळून वर बांधायचं. खाली चार बोटं भाताचं तूस, आमचा भाचा इगतपुरीहून आणतो. रोज खुरप्यानं हलवते आणि मूठभर उचलून दाबून बघते. मूठ उघडल्यावर तूस भुरभुरून सुटलं तर ठीक. गोळा राहिला तर ओल धरलीय, तेवढं काढून कोरडं घालायचं. दांडीही गोल नाही, दोन इंच रुंद चपटी फळी आहे. कोंबडी बसली की तिची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

खाण्याचं म्हणाल तर थंडीत त्या जास्त खातात, हात आखडू नका. संध्याकाळी खुराड्यात शिरायच्या आधी मूठ-मूठ मका नाहीतर बाजरी टाका. रात्रभर पोटात पचन चालू राहिलं की अंगात ऊब राहते. सकाळी पाणी कोमट द्या. गार पाणी त्या कमी पितात, आणि अंड्यात तीन भाग पाणीच असतं, हे विसरू नका.

आणि हो, तुमची ती तांबडी खुडूक झालीय ना? आत्ता रवणीला बसवू नका. 21 दिवसांनी पिल्लं निघतील ती ऐन कडाक्यात. पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांच्या अंगावर नुसती लव. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी केली तरी चालते. तापमापक नसला तर पिल्लांकडंच बघायचं. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय, सगळीकडं पसरून टिपत असली तर बरोबर. पुठ्ठ्याचं गोल कडं करा, कोपरा ठेवू नका, कोपऱ्यात चेंगरून मरतात. आमच्या जाऊबाईंनी तर बंद खोलीत निखाऱ्याचं घमेलं ठेवलं होतं. सकाळी एकही पिल्लू हललं नाही. निखाऱ्याचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. ऐकतात कुणाचं त्या? सांगायला गेलं की तोंड फुगतं.

आता मुख्य बोलायचं राहिलं. नांदूर मध्यमेश्वरला परदेशी पाहुणे पक्षी उतरलेत. बघायला जरूर जा, पण रानपक्ष्यांनी चोच घातलेलं दाणापाणी आपल्या कोंबड्यांना नको. भांडी छपराखाली ठेवा. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा कोंबड्या कशा पुरून टाकाव्या लागल्या ते आठवतंय ना? त्याची लस आपल्या हातात नाही, पण मानमोडीची आहे. मानमोडी आली की दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं करते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मी बोललेय. लसीची कुपी शंभर कोंबड्यांची असते. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, उरलेली वाया. तुमच्या सात नि माझ्या नऊ कोंबड्यांसाठी ते कुपी कशी फोडतील? म्हणून आख्खी गल्ली एकत्र करायचीय. रविवारी सकाळी लस द्यायचीय, तेव्हा खुराडी उघडू नका, एकदा सुटल्या की दुपारपर्यंत हाती लागत नाहीत. डालग्यात घालून माझ्या ओट्यावर आणा. भाऊंनाही सांगा, तुमचं ऐकतात ते. शिंकणाऱ्या कोंबड्या मात्र आणायच्या नाहीत, आजारी कोंबडीला लस देत नाहीत. त्या वेगळ्या ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा म्हणावं, आणि तो कागद आजच्या आज वरून वीतभर फाडा.