थंड हवामानातली काळजी

लॉरीबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं थंड हवामानाचं प्रकरण मला तोंडपाठ आहे. बाकीची पुस्तिका मी चाळलेलीही नाही. डिसेंबरच्या पावसात पारा २३ वर आला की सिंगापुरात, टॅम्पिनीसमधल्या आमच्या लिफ्टमध्ये स्वेटर दिसू लागतात, आणि या बेटावर तो १९ अंशांच्या खाली गेल्याची नोंदच नाही. पण गाडीमालकानं तयारीत असावं.

गाडीमालक म्हणवून घ्यायला मी भरपूर पैसे मोजलेत. इथे आधी गाडी ठेवण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. त्याची महिन्यातून दोनदा बोली लागते, मुदत दहा वर्षांची, आणि मी घेतला तेव्हा मालवाहू गाडीसाठी आकडा सत्तर हजार डॉलरच्या घरात होता. १९९० पासून ही पद्धत चालू आहे. लॉरी त्याच्यावर, वेगळी. एवढं झाल्यावर तांब्याचे पाइप आणि शिडी घेऊन सिमेईला कुणाचा तरी एसी बसवायला जातानाही आपण खैबरखिंडीतून काफिला नेतोय असं वाटतं.

तर थंडी. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं. गारठा वाढला की ते सुटं होतं, डिझेल गढूळ दिसू लागतं, मग घट्ट होतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन उपाशी मरतं. लडाखमधले ड्रायव्हर पहाटे टाकीखाली स्टोव्ह पेटवतात तो यासाठी. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहणारं डिझेल काढलं, पानिपतच्या रिफायनरीतून. पानिपत म्हटलं की मराठी माणूस उसासा टाकतो. मी मेणाबद्दल बोलतो. शिवाय नव्या गाड्यांना धूर धुवायला युरियाचं पाणी लागतं. त्यात युरिया साडेबत्तीस टक्के, बाकी शुद्ध पाणी, आणि उणे ११ ला त्याचा बर्फ! म्हणून थंड देशांत त्या टाकीलाही हीटर बसवतात. हे सगळं मी गणपतीत प्रसादाच्या रांगेत सांगतो. पुढचा माणूस बँकेतला असला तर हीटर प्लगचंही सांगतो. त्याच्याकडे मोटार असते, लॉरी नसते.

बायको म्हणते, इतकी थंडीची हौस आहे तर एसी विकतोसच की.

धाकटा भाऊ निफाडला असतो. निफाडची थंडी काय असते ते नाशिककडच्यांना सांगायला नको. पारा फारच उतरला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या धुमसत ठेवाव्या लागतात. त्याच्याकडे बीएस-सिक्स पिकअप आहे. एका जानेवारीत पहाटे त्याचा फोन आला, गाडी सुरू होत नव्हती. माझ्या आयुष्यात तो क्षण आला होता. मी मेणापासून सुरुवात केली, उणे ३३ पर्यंत गेलो, युरियाकडे वळलो.

“युरिया आपण बागेला घालतो ना?” तो म्हणाला.

“हा वेगळा.”

“बरं. दादा, बॅटरी उतरलीय. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणलाय, आता केबल लावतो. मी फोन केला तो आईच्या गोळ्यांचं नाव विचारायला.”

खरा दुखणेकरी ट्रक माझाच निघाला, तोही उन्हातला. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला आत साधारण ६०० अंशांची धग लागते आणि ती धग सहसा गाडी सलग पळाली तरच येते. भावाची गाडी रात्रीतून निफाडहून वाशी मार्केट गाठते. काजळी वाटेतच जळून जाते, त्याला पत्ताही नसतो. माझी लॉरी टॅम्पिनीस, बेडोक, पासिर रिस करत दर सिग्नलला घोरते. गाळणी तुंबते, पिवळा दिवा लागतो. युरियाच्या पाण्यालाही इथे बर्फाची धास्ती नाही. तिशीच्या पुढच्या उकाड्यात ते साठवलं तर लवकर खराब होतं. यातलं थंड हवामानाच्या प्रकरणात काहीच नव्हतं.

त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट नाही. ईशान्य मोसमी पावसात सकाळी सिग्नलला थांबलं की शेजारच्या लॉरीच्या हौद्यात तामिळनाडूची, बांगलादेशाची पोरं दिसतात. वर छत आहे, बाजूला उंच कठडे आहेत, किती माणसं बसवायची तो आकडा बाहेर रंगवलेला आहे. सगळं नियमात. पाऊस आडवा येतो आणि गाडीनं वेग घेतला की ओल्या शर्टातून वारा जातो. ती एकमेकांना चिकटून बसतात. त्यांना बस का नाही, असं कुणी विचारलं की छोट्या कंत्राटदारांना परवडणार नाही, हे उत्तर ठरलेलं. छोटा कंत्राटदार म्हणजे मी. माझ्या कामावरची दोन्ही पोरं केबिनमध्ये माझ्या शेजारी बसतात, पण ती दोनच आहेत म्हणून. दहा असती तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मला आवडत नाही. सिग्नल सुटेपर्यंत मी आरशात बघत बसतो.

पिवळ्या दिव्यावरचा उपाय भावानंच सांगितला होता: पळव तिला. त्यामुळे अधूनमधून मी रात्री चांगीकडून पीआयई महामार्ग धरतो आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, तुआसपर्यंत जातो. चाळीसेक किलोमीटर. काम काही नाही, फक्त काजळी जाळायची. मेमध्ये भाऊ आला होता. मॉलमधल्या गारठ्यानं निफाडचा गडी काकडला. त्याला दुकानातून जॅकेट घेऊन दिलं. त्याच रात्री दिवा लागला, म्हणून त्यालाही बरोबर घेतलं. टायर बघून झाले, आवाज ऐकून झाला, सत्तर हजाराचं ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. तुआस आलं, दिवा विझला.

“इथे काय आहे?”

“काही नाही. परत फिरायचं.”

त्यानं मान वळवून मागच्या रिकाम्या हौद्याकडे बघितलं. “एवढं लांब यायचंच होतं,” तो म्हणाला, “तर कुणाचा तरी माल भरायचा होतास, दादा.”