चौरस इंचाचा जमीनदार

आमच्या साताऱ्याच्या घरी न्याहारीला पोहे असत. पोह्यांतून फुकटात काही निघालंच, तर खडा निघे. म्हणून न्यू जर्सीतल्या माझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने जेव्हा सांगितलं की त्याच्या लहानपणी सीरियलच्या खोक्यातून काउबॉयच्या वस्तू निघत, तेव्हा मी मनातून पार जळालो. १९५३ साली पोस्ट रेझिन ब्रॅनच्या खोक्यात म्हणे रॉय रॉजर्सच्या पत्र्याच्या अंगठ्या यायच्या. टीव्हीवर घोडा दौडवणारा रॉय, आणि तोच पोस्टच्या खोक्यावर हसणारा! पन्नाशीच्या माणसाने यावर ‘हो का?’ म्हणून आपलं गवत कापत राहावं. मी मात्र पुढच्याच शनिवारी भल्या पहाटे गराज सेलच्या रांगेत उभा होतो.

दोन-चार अंगठ्या जमल्यावर मला मोठं सावज हवंसं झालं: लोन रेंजरची अणुबॉम्ब अंगठी. साल १९४७, म्हणजे हा बुरखेवाला वीर रेडिओवरून टीव्हीवर यायच्या दोन वर्षं आधीची. किक्स सीरियलच्या खोक्याचं झाकण आणि १५ सेंट पाठवले की ती पोस्टाने घरी येई. वर इवलासा बॉम्ब. त्याचं लाल शेपूट काढलं की भिंग, आणि आत झिंक सल्फाइडचा पडदा व खराखुरा किरणोत्सर्गी पोलोनियम! अंधारात डोळे सरावले की पडद्यावर ठिणग्या उडताना दिसत. अशी वस्तू मुलांच्या हातात द्यायची, असा तो काळ.

अंगठी आली त्या रात्री मी कपड्यांच्या कपाटात शिरून दार लावून घेतलं. वीस मिनिटं झाली. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला, पायाला मुंग्या आल्या, ठिणगी काही दिसेना. तेवढ्यात बायकोने दार उघडलं.

“काय चाललंय?”

“अणू फुटायची वाट बघतोय.”

“बरं. गॅस बंद केला होतास का, ते आधी सांग.”

गॅस चालूच होता. आमटीचा तळ मात्र वेळेवर फुटला.

मुलाने जेवताना शांतपणे खुलासा केला, “बाबा, पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं. तू जन्मायच्या आधीच तो बॉम्ब विझला होता.” फिजिक्सची फी मीच भरतो.

मग ठरवलं, न विझणारी वस्तू घ्यायची. जमीन! १९५५ साली टीव्हीवर आलेल्या ‘सार्जंट प्रेस्टन ऑफ द यूकॉन’ या मालिकेच्या जोडीने क्वेकरने पफ्ड व्हीट नि पफ्ड राइसच्या खोक्यांतून चक्क जमिनीची खरेदीखतं वाटली होती. कॅनडातल्या यूकॉनमध्ये, खोकं फोडणाऱ्याला एक चौरस इंच. अशी दोन कोटी दहा लाख खतं निघाली. त्यांतलं एक मी ४५ डॉलरला घेतलं, फ्रेम केलं आणि आईला साताऱ्याला फोन लावला.

“आई, जमीन घेतली.”

“किती गुंठे?”

“एक चौरस इंच.”

पलीकडे शांतता. एका गुंठ्यात असे दीड लाखाहून जास्त तुकडे बसतात, हा हिशेब ती करत नसावी. तिने दोनच गोष्टी विचारल्या, “सातबाऱ्यावर नाव लागलं का? आणि शेतसारा कोण भरतो?”

फोन ठेवल्यावर मी ते पहिल्यांदाच शोधलं. खतांची नोंदणी कधी झालीच नव्हती. आणि ती सगळी १९ एकर जमीन ३७ डॉलर २० सेंट कर थकला म्हणून १९६५ सालीच जप्त झाली होती. म्हणजे माझ्या ४५ डॉलरांत सगळ्या मुलुखाची थकबाकी फिटून वर दोन कॉफ्या झाल्या असत्या.

फ्रेम अजून दिवाणखान्यात आहे. साताऱ्याच्या घराची घरपट्टी मी यंदा मुदतीच्या महिनाभर आधी भरली, आणि पावती त्या फ्रेमच्या मागे खोचून ठेवली आहे.