फंकराव

डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी मंडळींत प्रत्येक छंदाला एकेक माणूस नेमून दिलेला आहे. एक टोमॅटो लावतो, एक दुर्बिणीतून शनीची कडी दाखवतो, एक मॅरेथॉन पळतो आणि पुढची पळेपर्यंत मागचीबद्दल बोलतो. ही सगळी सोसण्यासारखी माणसं. नोव्हायमध्ये राहणाऱ्या फंकरावाचं प्रकरण निराळं. त्याला साठ वर्षं जुनी, मळकी आणि वाजवायला अवघड अशी बास गिटार हवी आहे, आणि त्यासाठी त्याने एक कोरी, स्वच्छ, वाजवायला सोपी बास गिटार विकत घेतली आहे.

खरी १९६२ सालची फेंडर प्रिसिजन घ्यायची, तर दहा हजार डॉलरच्या पुढेच बोलणी सुरू होतात. घरात ती सुरूच होऊ शकली नाहीत. मग मेक्सिकोत बनलेली एक प्रिसिजन आली आणि तळघरात तिची ‘जेम्स जेमर्सनची बास’ करायचं काम सुरू झालं. तेव्हा मुलगी शाळेत होती. आता ती नोकरीला लागली. काम चालूच आहे.

जेमर्सन कोण, हे फंकरावाला चुकूनसुद्धा विचारू नका. मी सांगतो, लवकर आटपेल. डेट्रॉइटमध्ये वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ नंबरचं एक साधं घर आहे, त्यावर ‘हिट्सव्हिल यूएसए’ अशी पाटी. मोटाउन कंपनीची १९६०च्या दशकातली ती जगभर गाजलेली गाणी या घरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड झाली आणि त्यांतल्या बहुतेकांत खाली जो भक्कम, खेळकर बास चालतो तो जेमर्सनचा. रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नाव छापून यायला मात्र १९७१ साल उजाडलं, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला. १९८३ मध्ये तो गेला. त्याच्या आधी थोडेच दिवस त्याची १९६२ची सनबर्स्ट प्रिसिजन, जिला ‘फंक मशीन’ म्हणतात, चोरीला गेली होती.

आता गंमत ऐका. जेमर्सनने या गिटारवर कोणकोणती कारागिरी केली, याची यादी करायला बसलात तर हाती फारसं काही लागत नाही. मानेच्या बुडाशी त्याने ‘फंक’ अशी अक्षरं कोरली, बस्स. बाकी गिटार दुकानातून आली तशीच. तारा जिथे टेकतात त्या ब्रिजवरचं क्रोमचं झाकण लोक काढून टाकत, त्याने ठेवलं. त्या झाकणाखाली कारखान्यातूनच स्पंजची पट्टी येई, तिने तारांचा आवाज लांबत नसे; तीही राहिली. तारा ‘ला बेला’ कंपनीच्या, चपट्या वेटोळ्याच्या, चांगल्या जाड. तुटली तरच बदलायची. पुसणं नाही. गिटारवरच्या मळातच खरा फंक असतो, अशी त्याची श्रद्धा होती म्हणतात. थोडक्यात, या माणसाने गिटारकडे मनापासून दुर्लक्ष केलं, कारण त्याला वाजवायचं होतं.

फंकराव हेच दुर्लक्ष अत्यंत लक्षपूर्वक करतो. त्याच्याकडे या दुर्लक्षाची वही आहे.

त्यात आणखी एक योग. दिवसा हा माणूस मोटारीच्या रंगाचा इंजिनिअर. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ, खडी, ऊन, पक्षी, सगळ्याला पुरून उरेल असा रंग करण्याचे त्याला पैसे मिळतात. संध्याकाळी घरी येऊन तो तळघरात उतरतो आणि गिटारवरचा तसलाच चिवट रंग सँडपेपरने उडवतो. कुठे उडवायचा हे ठरलेलं आहे: जिथे कोपर टेकतं तिथे, पाठीवर जिथे पट्ट्याचं बक्कल घासतं तिथे. ‘नायट्रोसेल्युलोजचा जुना रंग असता तर आपसूक तडकला असता,’ असं तो सुस्कारा टाकून म्हणतो. दिवसा कुणाच्या गाडीचा रंग तडकला तर हाच माणूस तातडीची बैठक बोलावतो.

तारांचं तर विचारूच नका. सर्वात जाड तार ११० हजारांश इंचाची. ती मेक्सिकोच्या गिटारीच्या नटात बसेना. म्हणून बारीक कानशी आल्या, खाच रुंद झाली. मग इतक्या जाड तारांच्या ओढीने मान वाकली, म्हणून मानेतली सळई आवळावी लागली. मग आठवलं की जेमर्सनच्या गिटारची मान वाकलेलीच होती आणि तारा इतक्या उंच होत्या की इतरांना वाजवता येत नसे. सळई पुन्हा सैल. आता आपल्या फंकरावालाही ती वाजवता येत नाही, आणि हे तो यशाच्या खात्यात मांडतो.

तारा नव्या असल्यामुळे आवाज अजून ‘चकचकीत’ आहे, अशी त्याची तक्रार. त्याला हवा बोदा, खोल, दमदार ठोका. तो काही विकत मिळत नाही, म्हणून त्याने तारा लोणच्यासारख्या मुरायला ठेवल्या आहेत. येता-जाता त्यांना बोटं लावायची, तीही न धुता. बटाटेवडे झाले की तो हात पुसायला रुमाल मागत नाही, जिना उतरून खाली जातो.

स्पंजवर एक स्वतंत्र प्रकरण होईल. भांडी घासायचा, पॅकिंगमधला, उशीतला असे नमुने झाले. सोफ्याच्या एका गादीला मागच्या बाजूने चौकोनी भोक आहे, ते पाहुण्यांना दिसू नये म्हणून वहिनी तिथे स्वतः बसतात. नमुना बदलला की तो आपल्याला ऐकवतो. ‘दम्म.’ मग झाकण काढून दुसरा स्पंज, झाकण लावून पुन्हा ‘दम्म.’ ‘कळला फरक?’ यावर ‘पहिला जास्त उबदार होता’ असं म्हणायचं. दर वेळी चालतं.

मागच्या खंडेनवमीला भारतातून त्याची आई आली होती. घरातली हत्यारं, यंत्रं, लॅपटॉप पाटावर मांडले, त्यात ही बासही. आईने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, तसं हिलाही, आणि भाविकपणे जरा सढळ हाताने. गिटारच्या अंगावर कासवाच्या पाठीच्या नक्षीची प्लास्टिकची पाटी असते, तिच्या कडेत कुंकू जाऊन बसलं.

‘आई, अगं हिला नको होतं!’

‘का रे बाळा? तूच तर म्हणतोस ना, हिला मळ लागला पाहिजे?’

फंकराव पेचात सापडला. कुंकू पुसावं, तर पुसणं शास्त्रात नाही. ठेवावं, तर १९६२च्या डेट्रॉइटमध्ये कुंकवाचा पुरावा नाही. शेवटी ते राहिलं. वहीत त्याची नोंद ‘सेंद्रिय झीज’ या सदराखाली झाली आहे.

आणि वाजवणं? जेमर्सन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचा. त्या बोटाला ‘द हुक’ असं नावच पडलं होतं. म्हणून आपल्या माणसाने मधलं बोट चिकटपट्टीने अनामिकेला बांधलं. टेम्पटेशन्सच्या ‘माय गर्ल’च्या आरंभी जो बास एकटा चालू होतो, तो फंकरावाला येतो. गाणं तिथून पुढे जातं. तो मात्र थांबतो, कारण तेवढ्यात त्याला स्पंज जरा सरकलेला वाटतो. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही त्याला ‘या वर्षी तरी साथीला बस’ म्हटलं, तर म्हणाला, ‘तारा अजून तयार नाहीत.’

माझं मत विचाराल तर माणूस लाख चांगला आणि गिटारही आता बरीचशी वाईट झाली आहे, म्हणजे काम योग्य दिशेने चाललंय. पण एक विनंती. जेमर्सनची मूळ फंक मशीन अजून सापडलेली नाही. मिशिगनपासून कॅलिफोर्नियापर्यंत कुणाच्या गॅरेजमध्ये, गॅरेज सेलमध्ये एखादी मळकी सनबर्स्ट प्रिसिजन दिसली आणि मानेच्या बुडाशी ‘फंक’ कोरलेलं आढळलं, तर आधी जेमर्सनच्या घरच्यांचा पत्ता शोधा. फंकरावाला एवढ्यात कळवू नका. तो पहिल्यांदा तिचा स्पंज मोजायला धावेल, आणि वहिनींच्या घरातला सोफा आता एकच उरलाय.