पोटासाठी पान, जिवासाठी पेटी

मानवतच्या बाजारात कापसाचा भाव ठरायला वेळ लागतो. मुलाचा चटकन ठरतो. ‘वेबसाइट बनवतो’ म्हटलं की पोहे येतात. ‘पेटीही वाजवतो’ म्हटलं की मुलीचा मामा विचारतो, ‘सप्ताहापुरतीच ना?’

मामाला कोण सांगणार, गायक वसंतराव देशपांडेही वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करून गात राहिले. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातले खाँसाहेब झाले, ते नोकरी सोडल्यावर. बरं, त्यांच्या साहेबाकडे व्हॉट्सअॅप नव्हतं. आमच्या वेबसाइटवाल्या गड्याला रात्री दोनला निरोप येतो: बटणाचा निळा रंग जरा प्रसन्न करा. पहाटे काकड्याला हा पेटीवर, डोळे मिटून. मंडळी म्हणतात, केवढी तल्लीनता! भाता थांबला, तेव्हा टाळकऱ्याने कोपराने ढोसलं.