साधंच करायचंय

पुण्यात लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी पहिलं वाक्य एकच बोलतात, "आम्हाला बाई अगदी साधंच करायचंय." हे वाक्य कानावर पडताच म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतचे डीपी रस्त्यावरचे सगळे लॉन्सवाले मनातल्या मनात दर वाढवत असावेत, असा मला दाट संशय आहे. "धूमधडाक्यात करायचंय" म्हणणाऱ्याचा आकडा ठरलेला असतो. साध्याला मर्यादा नसते.

अशाच एका साध्या लग्नाच्या बजेटची बैठक गेल्या वर्षी पाहायला मिळाली. कोथरूडमधलं घर. मुलीचे वडील बँकेतून निवृत्त, म्हणजे उभं आयुष्य लोकांची कर्जं नामंजूर करण्यात गेलेलं. समोर लॅपटॉपवर तक्ता उघडलेला. पहिली कात्री लागली ती गुरुजींच्या दक्षिणेला. मग सनई-चौघडा रद्द झाला, कारण मुलीच्या मामांकडे पेन ड्राइव्हवर होता. मठ्ठा गेला, कारण वेलकम ड्रिंक आहेच. रुखवत मावशी घरीच करणार. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर, फक्त आजोळच्या पंचवीस वडीलधाऱ्यांना छापील. पण शंभराच्या खाली छापायला कोणी तयार होईना. मग शंभर छापून घेतल्या आणि छापल्याच आहेत तर वाया कशाला घालवायच्या, म्हणून आणखी पंच्याहत्तर घरी आमंत्रणं गेली.

दीड तासाच्या या कापाकापीत अकरा हजार रुपये वाचले. एवढ्यात मुलगी फोटोग्राफरचं कोटेशन घेऊन बाहेर आली. प्री-वेडिंग, कँडिड, ड्रोन, सिनेमॅटिक हायलाइट्स, टीझर. सव्वादोन लाख. एका मिनिटात मंजूर! त्यातलं कोणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे कात्री धरायची कुठे हेही कळेना. मठ्ठ्यातलं मात्र सगळ्यांना कळत होतं.

तसं पाहिलं तर लग्नाच्या खर्चाबाबत या शहरात दोन घराणी आहेत. पहिलं नाना फडणवीसांचं. १७८३ साली सवाई माधवरावांचं लग्न झालं, तेव्हा नानांनी पाहुण्यांच्या सरबराईपासून पंगतीतल्या पानांपर्यंत बारीकसारीक तपशील कागदावर उतरवला. पुण्याचे पहिले वेडिंग प्लॅनर तेच. (नवरदेवाला नववं वर्षही पुरं झालेलं नव्हतं, त्यामुळे प्री-वेडिंगचा प्रश्न आला नाही.) दुसरं घराणं जोतीराव फुल्यांचं. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, बडेजाव नाही, सावकाराच्या ओसरीवर खेपा नाहीत. १७८३ आणि १८७३, आकडे तेच, फक्त दोघांनी जागा बदललेल्या.

आजचं पुणं भाषण जोतीरावांचं करतं आणि तक्ता नानांचा मांडतं. आमच्या कोथरूडकरांनी गुरुजींची दक्षिणा कापली, तेव्हा आपण जोतीरावांचं निम्मं ऐकलं असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. उरलेलं निम्मं नानांकडे गेलं. नानांच्या पाठीशी दौलत होती, यांच्या पाठीशी पर्सनल लोन.

खर्च खरोखर उतरवणारा रकाना तक्त्यात एकच असतो, तो म्हणजे माणसं. आणि त्याच रकान्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. चुलत आत्याच्या दिरांना वगळायचं, तर ते सांगणार कोण? ते धैर्य आजवर फक्त सरकारला झालं. २०२० मध्ये करोनाच्या काळात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. २२ एप्रिल २०२१ पासून ती २५ वर उतरली, वर सगळा समारंभ दोन तासांत उरकायचा आणि नियम मोडला तर ५०,००० रुपये दंड. दिवस वाईट होते, त्यांची आठवणसुद्धा नको. पण त्या दोन वर्षांत मुली उजवलेल्या बापांकडे बाकीचे बाप आजही ज्या नजरेनं पाहतात, ती मी पाहिली आहे. आज तेवढ्या दंडात साधं स्टेज फुलांनी भरत नाही.

२०२५ मध्ये हुंड्याच्या छळापायी पुण्यातल्या एका सुनेचा जीव गेला, त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाची आचारसंहिता पुढे आली. पाहुणे शे-दोनशे, प्री-वेडिंग नको, डीजे नको. इथे मला विनोद सुचत नाही. कलमं योग्यच आहेत. आपल्या घरच्या कार्याला ती पहिल्यांदा कोण लावतो, एवढंच पाहायचं.

आमच्या बैठकीत होणाऱ्या जावयानं एक भाबडी सूचना केली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करू, तीस दिवस आधी नोटीस द्यायची, तीन साक्षीदार आणायचे, झालं. विहीणबाई म्हणाल्या, "तिघांत माझे भाऊच मावत नाहीत." मुलीच्या वडिलांना मात्र कचेरीच्या फलकावर महिनाभर नोटीस लागते, यात फुकटची पत्रिका दिसली. ठराव बारगळला.

मग हॉल स्वस्त पडावा म्हणून आडवारचा, मंगळवारचा मुहूर्त धरला. पुण्यात मंगळवारी दुपारी येतंय कोण, असा हिशेब. इथेच घात झाला. रविवारच्या मोठ्या मुहूर्ताला माणसाला चार आमंत्रणं असतात. तीन ठिकाणी तो अक्षता टाकून सटकतो आणि चौथ्या ठिकाणी जेवतो. मंगळवारी अख्ख्या शहरात हे एकच लग्न. सगळे आले, लवकर आले आणि वर्क फ्रॉम होमवाले तर लॅपटॉपसकट आले.

केटररशी करार साडेतीनशे ताटांचा, वरच्या प्रत्येक ताटाला साडेआठशे. ताटं मोजायला मुलीच्या काकांना बसवलं, कारण त्यांची हयात ऑडिटमध्ये गेली. ताटांच्या चळतीशेजारी खुर्ची टाकून, फेटा सावरत, मांडीवरच्या वहीत काका पाच-पाचच्या रेघा ओढत होते. मंगलाष्टकं संपली तरी त्यांनी मान वर केली नाही. अक्षतासुद्धा त्यांनी डाव्या हातानं टाकल्या. एवढ्यात एका बाईंनी रस्सा सांडलेलं ताट टेबलाखाली सरकवलं आणि गोडासाठी कोरं ताट उचललं.

"अहो, तेच चालेल की!" काका ओरडले. "गुलाबजामला रश्श्याचं काय वावडं?"

बाई नवऱ्या मुलाची सख्खी आत्या निघाल्या. ताट जागच्या जागी राहिलं आणि आत्या पार्किंगमध्ये जाऊन बसल्या. वरपक्षाची पंगत थांबली. अखेर मुलीचा भाऊ रिक्षा करून लक्ष्मी रस्त्यावर गेला आणि चौदा हजारांची पैठणी घेऊन आला. मानानं ओटी भरली, तेव्हा आत्यांनी गुलाबजाम घेतला, तोही कोऱ्या ताटात.

रात्री हिशेब झाला. काकांच्या रेघा ४३१, केटररचा आकडा ४६०. घासाघीस होऊन ४४५ वर तडजोड झाली. मुलीच्या वडिलांनी जागच्या जागी गुणाकार केला. १२,७५० रुपये वाचले होते. ते त्यांनी तक्त्यात हिरव्या रंगात टाकले. पैठणी 'किरकोळ' या रकान्यात गेली. आता धाकटीचं स्थळ पाहणं सुरू आहे, तक्ता उघडलेला आहे आणि काकांना या खेपेला चपलांच्या टोकनवर बसवायचं, एवढंच कलम आजवर पक्कं झालेलं आहे.