अठरा कॅरेटची बैठक

प्रेक्षकानं हात लावल्याशिवाय पुरी होत नाही, अशी एक कला हल्ली असते. हात लावण्यापर्यंत ठीक होतं. मौरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंतानं प्रेक्षकाला थेट बसवलं. २०१६ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यानं १८ कॅरेट सोन्याचा, चालू स्थितीतला संडास जोडून दिला. नाव ठेवलं ‘अमेरिका’. लाखावर लोकांनी रांगा लावून कलेत सहभाग घेतला.

मला विट्याची आठवण झाली. देशभर सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आमचे, आणि २०२१च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलेलं गावही आमचंच. सोनं आणि संडास, दोन्हींवर अधिकारवाणीनं बोलेल असं दुसरं गाव दाखवा! म्हणून समीक्षेसाठी पुण्या-मुंबईला न जाता तामिळनाडूत तीस वर्षं भट्टीपुढं काढून परतलेल्या आमच्या आबांना गाठलं.

“वजन?”

“९८ किलो.”

“म्हंजे शुद्ध साडेत्र्याहत्तर.” समीक्षा संपली.

“आबा, त्यात आशय आहे. श्रीमंती, समता...”

“मुशीत टाकल्यावर आशय कुठं ऱ्हातोय? आमी घडणावळ धरत न्हाई.”

हसू नका. नोव्हेंबर २०२५मध्ये याच संडासाची दुसरी प्रत न्यूयॉर्कला लिलावात निघाली, तेव्हा सदबीजसारख्या पेढीनंही बोलीची सुरुवात सोन्याच्या वजनावरच धरली. कलेवर एवढं लिहून, बोलून शेवटी तराजूच. आबा तिथं असते तर त्यांना कॅटलॉगची पानंही उलटावी लागली नसती.

पहिल्या प्रतीचं काय झालं, हे आबांना सांगायचं राहिलं होतं. सप्टेंबर २०१९मध्ये ती इंग्लंडात चर्चिलच्या जन्माच्या ब्लेनहाइम राजवाड्यात मांडली आणि दोनच दिवसांत पहाटे चोरांनी उपटून नेली. सहभाग म्हणतात तो हा! सोनं आजवर सापडलेलं नाही. तोडून विकलं असावं.

चोरी ऐकून आबांचा चेहरा हलला नाही. गाळलेल्या सोन्याला नाव-गाव नसतं, हे त्यांना कोण शिकवणार?

“नळ जोडलेला हुता का त्याला?” त्यांनी मध्येच विचारलं.

“होता की. पाइप तुटून पाणी वाहत राहिलं, राजवाड्यात नुसतं तळं.”

आबा खुर्चीतून उठले. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची वाट बघत त्यांची निम्मी हयात गेलीय.

“सोनं गेलं तर जाऊंदे रं. कॉक कुणी बंद केला?”